पहिल्या मूससाठी रायफल आणि काडतूस निवडताना

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. पुण्याहून इथे कॅनडाच्या युकॉनमध्ये, व्हाइटहॉर्सला येऊन तुम्हाला दीड वर्ष झालं. बंदुकीचा परवाना, ज्याला इथे सगळे पॅल म्हणतात, तो हातात आला आहे, आणि येत्या सप्टेंबरात कामावरच्या दोघांबरोबर बोटीने नदीकाठी मूसच्या, म्हणजे इथल्या प्रचंड हरणाच्या, शिकारीला जायचं ठरलं आहे. हाताशी अडीच हजार डॉलर आहेत. दुकानदार म्हणतो, ग्रिझलीचा, म्हणजे मोठ्या तपकिरी अस्वलाचा, मुलूख आहे, .३३८ विन्चेस्टर मॅग्नमच्या खाली उतरू नका. एक सहकारी .३०० विन्चेस्टर मॅग्नम घ्या म्हणतो, दुसरा थेट .३७५ एच अँड एच सुचवतो (ही सगळी काडतुसांची नावं, रायफल त्यांवरूनच ओळखतात). तुमचं वजन ६२ किलो, आणि कॉलेजात एनसीसीमध्ये पॉइंट टू-टूने केलेलं फायरिंग सोडलं तर रायफलचा अनुभव नाही. शेवटी तुम्ही विचारलंत की काडतुसं किती घ्यायची.

आधी उत्तर देतो, मग कारणं. .३०-०६ स्प्रिंगफील्ड घ्या. इथले लोक तिला ‘थर्टी ऑट सिक्स’ म्हणतात. ती मनासारखी मिळाली नाही तर .३०८ विन्चेस्टर घ्या. बोल्ट अॅक्शन (दर गोळीनंतर हाताने खटका मागेपुढे ओढायची), स्टेनलेस नळी, सिंथेटिक दस्ता, स्कोपसकट (नेमाच्या दुर्बिणीसकट) वजन साडेतीन ते चार किलो. उरलेले पैसे चांगल्या गोळ्या आणि सराव यांवर घाला.

मी मूळचा साताऱ्याकडचा. युकॉनमध्ये एकविसावा शरद चालू आहे, आणि गेली काही वर्षं नव्या शिकाऱ्यांना रेंजवर शिकवतो. आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव कायद्यानंतर शिकार बंद झाली आणि ते योग्यच झालं, पण त्यामुळे आपल्यापैकी बहुतेकांना घरात हे शिकवणारं कोणी नसतं. इथली मुलं बापाबरोबर, आजोबांबरोबर रानात जाऊन जे शिकतात ते आपण दुकानदाराकडून आणि व्हिडिओतून शिकू पाहतो, आणि तिथे सगळी चर्चा काडतुसाच्या ताकदीची असते. म्हणून तुमचा खरा प्रश्न वेगळा आहे असं मला वाटतं: ज्याने आयुष्यात मोठी रायफल झाडलेली नाही, त्याच्या हातून पाचशे किलोचं जनावर लवकर आणि कमी वेदनेने कसं मरेल? (परवान्याच्या कोर्समध्ये प्रत्यक्ष गोळी झाडावी लागत नाही, हे तुम्हाला माहीतच आहे.)

एक गोष्ट सुरुवातीला स्पष्ट करून घेऊ. मराठीत आपण काडतुसालाही गोळी म्हणतो आणि त्यातून सुटणाऱ्या शिशाच्या किंवा तांब्याच्या तुकड्यालाही गोळीच म्हणतो. इथे मी सुटणाऱ्या तुकड्याला गोळी म्हणेन आणि पितळी टरफल, दारू, गोळी मिळून जे होतं त्याला काडतूस. गोळीचं वजन ग्रेनमध्ये मोजतात. १८० ग्रेन म्हणजे साधारण ११.७ ग्रॅम.

आता जनावराकडे पाहू. अलास्का आणि युकॉनमधला मूस हा जगातला सर्वांत मोठा. पूर्ण वाढलेला नर साडेपाचशे ते सातशे किलोपर्यंत भरतो. इतकं धूड पाहिलं की माणसाला वाटतं, याला पाडायला तोफच हवी. पण मूस चिवट असला तरी चिलखती नाही. बरगड्यांमागची फोपसं आणि हृदय यांची जागा मोठ्या परातीएवढी असते. त्या जागेतून योग्य घडणीची गोळी आरपार गेली की तो मरतो, काडतुसावर काहीही छापलेलं असो. स्वीडन-फिनलंडमध्ये पिढ्यान्‌पिढ्या लोक ६.५ बाय ५५ या मध्यम काडतुसाने मूस मारत आले आहेत. तिथला मूस इथल्यापेक्षा लहान असतो हे खरं, पण फरक एवढा नाही की सगळं गणित उलटं व्हावं.

आपल्या पोलीस चौकीतली थ्री-नॉट-थ्री आठवते ना? त्याच जातीची ली-एन्फिल्ड रायफल कॅनडाच्या उत्तरेत रेंजर्सनी, म्हणजे सैन्याच्या स्थानिक राखीव तुकड्यांनी, १९४७पासून २०१८पर्यंत वापरली. शिकारीसाठी तर ती इथल्या घराघरात होती, आणि त्या .३०३ने किती मूस पडले याची मोजदाद नाही. २०१८पासून रेंजर्सना नवी रायफल मिळू लागली, तीही बोल्ट अॅक्शन, .३०८ची. फिनलंडच्या टिक्का रायफलवर बेतलेली, हातमोजे घालून चालवता यावी म्हणून बोल्टची मूठ मोठी केलेली. पांढऱ्या अस्वलांच्या प्रदेशात फिरणाऱ्या लोकांसाठी सरकारने .३३८ निवडली नाही, याचा जरूर विचार करा.

.३०-०६ १९०६ साली अमेरिकन सैन्याने स्वीकारली. १८० ग्रेनची गोळी ती सेकंदाला सुमारे ८२० मीटर वेगाने फेकते. .३०० विन्चेस्टर मॅग्नम १९६३ची, तेवढीच गोळी सुमारे ९०० मीटरने. .३३८ मॅग्नम १९५८ची. विन्चेस्टरने ती ‘अलास्कन’ नावाच्या रायफलमध्ये आणली, म्हणून तिच्याभोवती उत्तरेचं वलय आहे. .३७५ एच अँड एच १९१२ची, आफ्रिकेतल्या मोठ्या जनावरांसाठी गाजलेली. ही सगळी उत्तम काडतुसं आहेत. अनुभवी माणसाच्या हातात .३३८ किंवा .३७५ असेल तर मला काहीच म्हणायचं नाही. पण .३०-०६च्या तुलनेत .३३८चा धक्का दीडपटीहून जास्त असतो, आणि तो सोसायचा तुमच्या खांद्याने.

त्याची किंमत काय असते ते मी स्वतः भोगलं आहे. दुसऱ्याच वर्षी मी .३३८ घेतली होती, कारण मलाही हाच सल्ला मिळाला होता. रेंजवर बारा-पंधरा काडतुसं झाडली, खांदा काळानिळा झाला, आणि ‘झालं, झिरो झाली’, म्हणजे स्कोपचा नेम गोळीशी जुळला, असं म्हणून मी थांबलो. सप्टेंबरच्या शेवटी तळ्याच्या काठाला, जेमतेम नव्वद मीटरवर, एक नर आडवा उभा होता. मी चाप ओढला तेव्हा माझे डोळे मिटलेले होते. हे मला तेव्हा कळलं नाही. गोळी फोपसांच्या हातभर मागे, पोटात लागली. तो विलोच्या झुडपांत शिरला. माग काढताना पानांवर रक्त थोडं आणि त्यात चघळलेल्या पाल्याचा हिरवा चोथा दिसला, आणि बरोबरचा जुना शिकारी काही न बोलता खाली बसला. अंधार पडेपर्यंत शोधलं. दुसऱ्या दिवशी सकाळी डोमकावळे घिरट्या घालत होते, त्यावरून सापडला. रात्रभरात कधी मेला देव जाणे. अर्धं मांस नासलं होतं. त्या जनावराला जे सोसावं लागलं ते माझ्यामुळे, आणि मी ते विसरलेलो नाही.

पुढच्या हिवाळ्यात ती रायफल विकली आणि .३०-०६ घेतली. तीच आजही वापरतो.

डोळे मिटणं, खांदा पुढे रेटणं, चाप झटक्यात ओढणं, या सगळ्याला इथे फ्लिंच म्हणतात. तो धाडसाचा प्रश्न नाही, शरीर धक्क्याला घाबरायला शिकतं. आणि जोराचा धक्का देणारी रायफल घेतली की माणूस सराव टाळतो, हे त्याहून वाईट. अलास्काच्या मासेमारी-शिकार खात्याने बाहेरून येणाऱ्या शिकाऱ्यांना जो सल्ला दिला आहे तोही हाच आहे: तुमच्याकडे .२७०, .३०८ किंवा .३०-०६ असेल, आणि बसून किंवा गुडघ्यावरून दोनशे यार्डांवर सगळ्या गोळ्या आठ इंचांच्या वर्तुळात बसत असतील, तर तुम्ही अलास्कात यशस्वी शिकारी होऊ शकता. आठ इंच म्हणजे जेवणाच्या ताटाहून लहान. ‘बसून किंवा गुडघ्यावरून’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. टेबलावर वाळूच्या पिशव्या ठेवून मारलेला नेम रानात उपयोगी पडत नाही, नदीकाठी टेबल नसतं.

काही गोष्टी मात्र परिस्थितीवर अवलंबून आहेत. तुम्ही डोंगरात डॉल मेंढ्यांच्या मागे जाणार असतात तर मी हलकी रायफल आणि सपाट जाणारी गोळी सुचवली असती, कारण तिथे वजन पाठीवर न्यायचं असतं आणि अंतर लांब असतं. उघड्या टुंड्रावर कॅरिबूसाठीही (इथल्या रेनडियरसाठी) थोडी लांबची तयारी लागते, पण कॅरिबूचा मोठा नरसुद्धा मूसच्या तिसऱ्या हिश्शाएवढा, त्याला .२७० भरपूर होते. बायसनचं वेगळं. त्याला किती ताकद लागते हे बऱ्याच ठिकाणी नियमातच लिहिलेलं असतं. अलास्कात २०० ग्रेनची गोळी शंभर यार्डांवर दोन हजार फूट-पाउंड ऊर्जा राखेल अशी रायफल लागते. जिथे जाल तिथलं त्या वर्षीचं नियमपुस्तक वाचूनच निघा. आणि प्रथम राष्ट्रांच्या, म्हणजे इथल्या मूळनिवासी समाजांच्या, ज्या जमिनी आहेत, त्यांतल्या ‘अ’ वर्गाच्या जमिनीवर त्यांच्या परवानगीशिवाय शिकार करता येत नाही, नकाशा आधी पाहून ठेवा.

तुमचा प्रसंग वेगळा आहे. सप्टेंबरच्या उत्तरार्धात माजावर आलेल्या नराला हाक देऊन जवळ बोलावतात. मी मारलेले बहुतेक मूस शंभर मीटरच्या आत होते, एक तर तीस मीटरवर विलोमधून शिंगं घासत बाहेर आला. इतक्या जवळून .३००चा जादा वेग काही कामाचा नाही. उलट फऱ्याजवळचं मांस रक्ताळून वाया जातं. आमच्या घरी वर्षभर मूसचाच खिमा आणि सुकं होतं, त्यामुळे एकेक किलो मला मोलाचा वाटतो.

आता ज्या गोष्टीकडे लोक सर्वांत कमी लक्ष देतात ती सांगतो: गोळीची घडण. १९४६मध्ये जॉन नोसलर हे गृहस्थ ब्रिटिश कोलंबियात मूसच्या शिकारीला गेले होते. हातात ताकदवान .३०० एच अँड एच होती. समोरच्या मूसच्या अंगावर चिखलाचा थर वाळला होता. गोळ्या त्यावर आणि कातडीवर फुटून गेल्या, आतपर्यंत पोचल्याच नाहीत. घरी येऊन त्यांनी अशी गोळी बनवली जिच्या पोटात तांब्याचा आडवा पडदा असतो. पुढचा अर्धा भाग फुलतो, मागचा अर्धा भाग अख्खा राहून आत घुसत जातो. ती पार्टिशन गोळी, १९४८पासून विकली जाते. तेव्हा काडतूस मोठं होतं, पण गोळी कच्ची होती. हरणासाठीच्या पातळ कवचाच्या स्वस्त गोळ्या मूसवर झाडू नका, मग ती .३३८ का असेना.

मी स्वतः आता संपूर्ण तांब्याच्या गोळ्या वापरतो. त्या फुलतात, पण तुकडे होत नाहीत. शिशाच्या गोळीचे बारीक कण जखमेच्या आसपासच्या मांसात पसरतात, आणि घरात लहान मुलं तेच मांस खाणार असतील तर मला ते नको वाटतं. .३०-०६मध्ये १६५ किंवा १६८ ग्रेनची तांब्याची, नाहीतर १८० ग्रेनची पार्टिशन, यांपैकी जी तुमच्या रायफलमधून जास्त नेमकी बसेल ती. प्रत्येक नळीची आवड वेगळी असते, झाडून पाहिल्याशिवाय कळत नाही.

ग्रिझलीची भीती रास्त आहे, तिला मी कमी लेखत नाही. पण धोका बहुतेक वेळा मूस पडल्यानंतर येतो. मोठ्या नराचं दोनशे किलोहून जास्त मांस निघतं, आणि नियमानुसार खाण्याजोगं सगळं न्यावं लागतं. म्हणजे तासन्‌तास खाली वाकून सुरी चालवायची, हात रक्ताने माखलेले, आणि वास वाऱ्यावर. त्या वेळी रायफल झाडाला टेकवलेली असेल तर ती .३७५ असून काय उपयोग? तिघांपैकी एकाने काहीही न कापता फक्त पहारा द्यायचा. अस्वलाचा स्प्रे पट्ट्याला हवा, पिशवीत नको. मांस आतड्यांच्या ढिगापासून शंभर पावलं दूर, उघड्यावर, जिथून लांबून दिसेल असं ठेवायचं. दुसऱ्या फेरीला येताना लांबूनच मोठ्याने बोलत यायचं आणि ढिगाकडे आधी दुर्बिणीने पाहायचं. आणि वेळ आलीच तर चांगल्या गोळीची .३०-०६, जिचा बोल्ट तुमचा हात न बघता ओढतो, ती पुरेशी आहे.

रायफलची बाकीची अंगं थोडक्यात. लाकडी दस्ता दिसायला देखणा, पण आठवडाभर पावसात आणि बोटीत राहिला की फुगतो आणि नेम सरकतो. म्हणून सिंथेटिक. मॅगझिन, म्हणजे काडतुसं भरायचा डबा, सुटा असेल तर तो नदीत पडू शकतो, एक जास्तीचा जवळ ठेवा. टिक्का टी-३-एक्स, रुगर हॉकआय, विन्चेस्टर मॉडेल ७०, कोणतीही चालेल. दुकानात जाड जॅकेट घालून खांद्याला लावून पाहा. तुमच्या अंगकाठीला दस्ता लांब पडत असेल तर कापून घेता येतो, हे दुकानदार आपणहून सांगत नाही. अगदी हलकी, अडीच किलोची रायफल घेऊ नका, जितकी हलकी तितका धक्का जास्त. स्कोप साधा, २ ते ७ किंवा ३ ते ९ पट. जंगलात तो कमी पटीवर ठेवायचा. पाचशे-सहाशे डॉलरमध्ये भरवशाचा मिळतो, आणि तो रायफलवर बसवणाऱ्या माउंटवर काटकसर करू नका.

थंडीबद्दल एक अनुभव. हिवाळ्यात बायसनच्या शिकारीत, उणे तीसच्या आसपास, मी बोल्टला नेहमीचं तेल लावून गेलो होतो. चाप ओढल्यावर ‘टक्’ असा मेलेला आवाज आला. तेल मधासारखं घट्ट झालं होतं आणि आतली पिन जोराने आपटलीच नाही. तेव्हापासून बोल्ट उघडून, तेल पूर्ण पुसून कोरडा करून नेतो. सप्टेंबरात एवढी थंडी नसेल, पण पहाटे बर्फ पडू शकतं. रिकामी केलेली रायफल गरम तंबूत आणू नका, बाहेरच आडोशाला ठेवा. आत आणली की तिच्यावर दव धरतं आणि बाहेर नेल्यावर तेच गोठतं. नळीच्या तोंडावर साधी चिकटपट्टी लावा, बर्फ-चिखल आत जात नाही, आणि ती काढायचीही गरज नाही, गोळीआधी हवाच ती उडवते.

झिरो दोनशे यार्डांवर करा. शंभर यार्डांवर गोळी साधारण पाच सेंटिमीटर वर लागेल, तीनशेवर वीस-बावीस सेंटिमीटर खाली. पण पहिल्या वर्षी दीडशे मीटरपलीकडे गोळी झाडणार नाही असं आधीच मनाशी ठरवून जा. मूस आडवा उभा असू दे, पुढच्या पायाच्या मागच्या कडेने सरळ वर या आणि छातीच्या एक तृतीयांश उंचीवर नेम धरा. खांद्यावरच्या उंचवट्याने डोळा फसतो आणि नवा माणूस हमखास वर मारतो. गोळी लागल्यावर मूस कित्येकदा काहीच दाखवत नाही, नुसता उभा राहतो, जणू चुकली. चुकली असं समजू नका. बोल्ट ओढा आणि तो खाली पडेपर्यंत पुन्हा झाडा. आणि पाण्यात उभा असेल तर थांबा, बाहेर येऊ द्या. सहाशे किलो पाण्यातून ओढणं तिघांच्या हातचं काम नाही.

काडतुसं किती? महाग गोळ्यांच्या तीन पेट्या, साठ काडतुसं, एकाच लॉटची. वीस झिरो आणि खात्रीसाठी, वीस शिकारीसाठी, वीस पुढच्या वर्षासाठी. त्याशिवाय त्याच वजनाची स्वस्त सरावाची निदान शंभर, आणि एक .२२ उसनी मिळाली तर तिची पाचशे. आठवड्यातून एकदा जा, एका वेळी मोठ्या रायफलची पंधरापेक्षा जास्त झाडू नका. मित्राला सांगा, तुमच्या नकळत मधूनमधून खोटं काडतूस भरत जा. चाप ओढल्यावर गोळी सुटली नाही आणि तरीही नळी खाली डुचमळली, तर तो फ्लिंच आहे. त्या दिवशी मोठी रायफल बाजूला ठेवून .२२ घ्यायची. .३०-०६चा आणखी एक फायदा म्हणजे उत्तरेतल्या अगदी लहान गावातल्या किराणा दुकानातही तिची पेटी बहुधा मिळते. रायफल पोचली आणि काडतुसांची पिशवी मागे राहिली, असं झालेले लोक मी पाहिले आहेत.

जून-जुलैमध्ये संध्याकाळी उशिरापर्यंत उजेड असतो, तेव्हा वेळ काढा. रायफल घेण्याआधी माझी एकदा झाडून पाहायची असेल तर जरूर कळवा, शनिवारी सकाळी मी रेंजवर असतो. कानाला मफ आणि डोळ्यांना चष्मा माझ्याकडे जादा आहेत. येताना फक्त ते जाड जॅकेट घेऊन या.